डोक्यावरची खाच

मामांकडून माझ्याकडे आलेला कॅमेरा रशियन आहे, झॉर्की-४. हातात विटेसारखा जड, आणि शटर दाबलं की दाराची कडी पडल्यासारखा आवाज. आत बॅटरी नाही, वायर नाही. समोर ऊन आहे की सावली, याचा त्याला पत्ता नसतो. आपण सांगू तितका वेळ पडदा उघडायचा आणि मिटायचा, एवढंच त्याला येतं. उजेडाचा अंदाज मामा स्वतः करायचे आणि तो बहुतेक वेळा बरोबर यायचा. माझा येत नाही. म्हणून गेल्या वर्षी मी काडेपेटीपेक्षा लहान असा एक नवा लाइट मीटर मागवला आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत सरकवला. बसला. ना स्क्रू, ना चिकटपट्टी.

कॅमेरा माझ्यापेक्षा वयाने मोठा, मीटर माझ्या मुलीच्या मोबाइलपेक्षाही नवा. मीटर बनवणाऱ्याने झॉर्की कधी हातात धरला असेल की नाही, कोण जाणे. तरी दोघांचं जमलं ते त्या खाचेमुळे. साधारण साडेअठरा मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडा आत वळवलेली पत्र्याची पट्टी. तिला म्हणतात ‘शू’. नाव पायताणाचं, जागा डोक्यावर!

जुन्या फिल्म कॅमेऱ्याला पुढच्या काळातली सोय जोडायचा उद्योग कॅमेऱ्याच्या धंद्याइतकाच जुना आहे. त्यात भन्नाट डोकी राबली, काहींचे पैसेही बुडाले. काय टिकलं आणि काय भंगारात गेलं हे पाहताना माझं एक मत बनत गेलं आहे. ज्या वस्तूने माणसाच्या हाताचं किंवा डोळ्याचं काम बाहेरून केलं, ती टिकली. जिला कॅमेऱ्याच्या पोटात शिरून त्याच्याशी बोलावं लागलं, ती त्या बोलीबरोबरच मुकी झाली.

खाचेची गोष्ट लायकापासून सांगावी लागते. १९२५ साली लाइपझिगच्या वसंत जत्रेत लाइट्झ कंपनीने ऑस्कर बार्नाकचा छोटा कॅमेरा मांडला. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरणारा, कोटाच्या खिशात मावणारा. पण त्यात फोकस नेमका साधायची सोय नव्हती. समोरचा माणूस तीन मीटरवर आहे की चार, हे नजरेने ठरवायचं आणि लेन्सवरचा आकडा तिथे आणायचा. अंदाज चुकला की चेहरा धूसर. त्यावर लाइट्झने अंतर मोजायची एक स्वतंत्र नळी विकायला ठेवली. ती खाचेत उभी करायची, तिच्यातून पाहायचं, समोरच्या वस्तूच्या दोन प्रतिमा एकमेकींवर येईपर्यंत चकती फिरवायची, चकतीवरचं अंतर वाचायचं आणि तेच अंतर लेन्सवर लावायचं. एवढं होईपर्यंत हसणारं मूल हसायचं थांबलेलं असणार. पण फोटो स्पष्ट यायचा.

१९३२च्या लायका-२मध्ये ही नळी आडवी होऊन कॅमेऱ्याच्या अंगातच गेली आणि लेन्सला जोडली गेली. आज डोक्यावर बसणारी वस्तू पुढच्या मॉडेलमध्ये पोटात जाते, असं पुढे वारंवार झालं. ॲक्सेसरी म्हणजे पुढच्या कॅमेऱ्याची रंगीत तालीमच. लाइट्झची आणखी एक रीत मला फार आवडते. जुना लायका कारखान्यात पाठवला की त्याला नव्या मॉडेलच्या सोयी बसवून तो परत मिळायचा. आपण मात्र फोनची बॅटरी बदलायला गेलो तरी दुकानदार नवा फोन पुढे करतो.

आता उजेडाकडे येऊ, कारण जोडसामानातलं सगळ्यात मोठं घराणं मीटरचंच.

मामांची रीत जगभरच्या जुन्या फोटोग्राफरांची होती. कडक ऊन असेल तर ॲपर्चर एफ/१६ आणि शटर फिल्मच्या आयएसओइतकं. म्हणजे १००ची फिल्म असेल तर १/१०० किंवा त्याच्या जवळचं १/१२५. ढग आले की ॲपर्चर एक-दोन घरं उघडायचं. बाहेर हे जमतं. पण माजघरातल्या खिडकीपाशी बसलेल्या आजीचा फोटो काढायचा असेल तर डोळा दगा देतो, कारण डोळा अंधाराला पटकन सरावतो आणि फिल्म सरावत नाही.

१९३२ साली अमेरिकेतल्या वेस्टन कंपनीने मॉडेल ६१७ हा विजेवर चालणारा मीटर बाजारात आणला. विजेवर म्हणायचं, पण बॅटरी त्यात नव्हतीच. सेलेनियमच्या पातळ थरावर उजेड पडला की त्यातून अगदी क्षीण प्रवाह वाहतो, त्यावर सूई हलते. उजेड हेच इंधन. जुन्या मीटरवर मधमाशीच्या पोळ्यासारखी खडबडीत काच दिसली की त्यामागे सेलेनियम आहे असं समजा. अडचण एवढीच की अंधारात, जिथे मीटरची खरी गरज, तिथे प्रवाह इतका कमी असतो की सूई जागची हलत नाही. शिवाय ओल लागली की सेलेनियम वर्षागणिक मंद होत जातं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या कपाटात तीस पावसाळे काढलेला सेलेनियम मीटर जिवंत निघाला, तर तो नशिबाचा भाग.

१९५४च्या लायका एम-३साठी निघालेला लायकामीटर हा या घराण्यातला माझा लाडका. एम-३मध्ये मीटर नव्हता, पण शटरच्या गतीच्या चकतीला एक बारीक खोबण ठेवली होती. मीटर खाचेत सरकवला की त्याची पिन त्या खोबणीत अडकायची. मग मीटरची चकती फिरवली की खालची शटरची चकतीही तिच्याबरोबर फिरायची. सूई पाहून आकडा वाचायचा आणि दुसरीकडे जाऊन लावायचा, यातलं अर्धं काम संपलं. अंधुक उजेडासाठी मीटरच्या बाजूला चिकटवायचा जादा सेलेनियमचा तुकडाही मिळायचा. म्हणजे ॲक्सेसरीची ॲक्सेसरी. हौस म्हणतात ती हीच!

पुढे कॅडमियम सल्फाइड आलं. ते स्वतः वीज तयार करत नाही. उजेड वाढला की त्याचा रोध कमी होतो आणि बॅटरीतून जास्त प्रवाह जातो. अंधारात ते सेलेनियमपेक्षा पुष्कळ तरबेज. फक्त प्रखर उन्हाकडे पाहून आल्यावर ते काही वेळ भांबावल्यासारखं चुकीचं वाचतं, जसे आपण उन्हातून घरात आलो की दाराला धडकतो. आणि त्याला बॅटरी लागते. ती बॅटरी हे एक प्रकरणच आहे.

साठ-सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच मीटरांत पाऱ्याची गोल बॅटरी असे, पीएक्स ६२५ नावाची. १.३५ व्होल्ट. तिचा गुण असा की संपेपर्यंत ती १.३५लाच राहायची. त्यामुळे मीटर बनवणाऱ्यांनी सगळं गणित त्या आकड्यावर बांधलं. पाऱ्याच्या विषारीपणामुळे नव्वदच्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात या बॅटऱ्यांवर बंदी आली आणि जगभरातले चांगले चालते मीटर एका फटक्यात उपाशी राहिले. त्याच आकाराची अल्कलाइन बॅटरी मिळते, पण ती १.५ व्होल्टची, आणि तीही वापराबरोबर उतरत जाते. ती घातली की सूई आहे त्यापेक्षा जास्त उजेड दाखवते, आपण शटर आवळतो आणि फोटो काळपट येतो.

माझ्याकडच्या एका जपानी कॅमेऱ्यासाठी मी यावर उपाय शोधला तो कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात. कानाच्या यंत्राची ६७५ नंबरची बॅटरी. हवेतला ऑक्सिजन घेऊन चालणारी, १.४ व्होल्टच्या आसपास आणि शेवटपर्यंत बऱ्यापैकी स्थिर. दुकानदाराने पाकीट देताना विचारलं, “आजोबांना कुठल्या कानाने कमी ऐकू येतं?” मी म्हणालो, “कानाने नाही, डोळ्याने.” त्याने पाकिटावर बोट ठेवून पुन्हा नंबर तपासला.

६७५ पाऱ्याच्या बॅटरीपेक्षा चार मिलिमीटरने अरुंद असते, त्यामुळे कप्प्यात नुसती ठेवली तर खुळखुळते. तिच्याभोवती रबराचा वॉशर बसवायचा. नळदुरुस्तीच्या सामानात मिळणारा ओ-रिंग चालतो. बॅटरीवरची पट्टी सोलली की ती श्वास घ्यायला लागते, आणि नंतर वापरा न वापरा, काही आठवड्यांत संपते. म्हणून मी फोटो काढायला निघायच्या सकाळीच पट्टी सोलतो. याहून नीटस उपायही आहे: पीएक्स ६२५च्या मापाची धातूची वाटी, तिच्या पोटात व्होल्टेज उतरवणारा इवलासा भाग, आणि मध्ये साधी सिल्व्हर ऑक्साइडची बॅटरी. किंमत जास्त, कटकट कमी. मात्र हे घेण्याआधी आपला कॅमेरा कोणता ते पाहा. १९६४च्या पेंटॅक्स स्पॉटमॅटिकच्या मीटरमध्ये ब्रिज सर्किट होतं, त्याला व्होल्टेजच्या फरकाने काही बिघडत नाही. त्या मालकांनी वाटीवर पैसे घालवू नयेत.

आजच्या छोट्या मीटरांना हा त्रास नाही. सिलिकॉनचा प्रकाश-डायोड, एक चिप आणि बोटाच्या नखाएवढा पडदा. ॲपर्चर तुम्ही सांगा, शटर तो सांगतो. आकडे मात्र आपल्या हातानेच लावायचे. कॅमेऱ्याशी त्याचं काही देणंघेणं नाही आणि तेच त्याचं बळ. उद्या झॉर्की मोडला तर तो दुसऱ्या कुठल्याही खाचेत जाईल.

डोळ्यांनंतर हात. शटरच्या बटणात एक छोटं आट्याचं भोक असतं, केबल रिलीज लावायचं. जर्मनीत हाका कंपनीने या भोकासाठी ऑटोक्निप्स नावाचं घड्याळी यंत्र बनवलं. अंगठ्याएवढं. चावी द्यायची, बटणात पिळायचं, खटका सोडायचा आणि धावत जाऊन घरच्यांत उभं राहायचं. काही सेकंद ते कुरकुरतं आणि मग त्याच्या टोकातून पिन बाहेर येऊन बटण दाबते. सेल्फ-टायमर नसलेल्या कुठल्याही कॅमेऱ्याला सेल्फ-टायमर! जुन्या अल्बममध्ये फोटो काढणारा माणूसच कधी दिसत नाही, त्याला या अंगठ्याएवढ्या यंत्राने फोटोत आणलं.

फिल्म पुढे ओढायचं कामही असंच बाहेरून झालं. तिसाच्या दशकात लायकाचं तळाचं झाकण काढून त्या जागी लायकाव्हिट बसवता येऊ लागलं. खाली घडीची पट्टी, डाव्या हाताने ओढली की फिल्म पुढे सरकते आणि शटर तयार. डोळ्यापासून कॅमेरा न हलवता पुढचा फोटो. त्यानंतर चावीचं स्प्रिंग भरलेली मोटरही निघाली. वीज नाही, नुसतं घड्याळ.

विजेची मोटर गाजली ती निकॉन एफची. १९५९चा हा कॅमेरा बार्नाकच्या खाचेचं तत्त्व सगळ्या अंगभर लावणारा होता. डोक्यावरचं प्रिझम निघतं, आतली फोकसची काच निघते, पाठीचं आणि तळाचं झाकण एकत्र निघतं. एफ-३६ मोटर लावली आणि आरसा वर अडकवून ठेवला तर सेकंदाला चार फोटो. पण मोटर कुठल्याही कॅमेऱ्याला नुसती लावून चालत नसे. तळाची पट्टी बदलावी लागे आणि मोटर त्या विशिष्ट कॅमेऱ्याशी जुळवून घ्यावी लागे. लग्नच ते, पत्रिका पाहून! रोल संपल्यावर मोटरला ते कळायचं नाही. किती फोटो उरलेत हे मागच्या गणकावर लावलं नसेल तर ती जोर लावून फिल्म डबीतून उपटून काढायची. ज्यांना छत्तीस फोटो पुरत नसत त्यांच्यासाठी २५० फोटोंची पाठ होती, दोन्ही बाजूंना दुधाच्या बरण्यांसारख्या पेट्या आणि आत दहा मीटर फिल्म.

निकॉन एफचं डोकं मात्र त्याहून मजेदार रीतीने शहाणं होत गेलं. मूळ प्रिझममध्ये मीटर नव्हता. १९६२ साली फोटोमिक नावाचं नवं प्रिझम आलं, त्याच्या कपाळावर उजेड मोजणारी खिडकी. १९६५च्या फोटोमिक-टीमध्ये मोजणी लेन्समधून आत आलेल्या उजेडाची होऊ लागली. १९६७ साली मधल्या भागाला जास्त वजन देणारी मोजणी आली. खालचा कॅमेरा तोच, डोकं बदलत गेलं. १९५९ला घेतलेल्या कॅमेऱ्यावर नऊ वर्षांनी आलेलं डोकं बसवता येत होतं.

ॲपर्चर किती आहे हे डोक्याला कळायचं कसं? निकॉनच्या लेन्सवर ॲपर्चरच्या रिंगला धातूची दोन पाती असत. हौशी मंडळी त्यांना सशाचे कान म्हणतात. प्रिझमची पिन त्या कानांत अडके. यांतलं शेवटचं डोकं, एफटीएन फोटोमिक, वापरणाऱ्याला लेन्स बसवली की ॲपर्चरची रिंग एकदा या टोकापर्यंत आणि एकदा त्या टोकापर्यंत पिळायची सवय होती. त्या पिळण्यातून मीटरला कळायचं की या लेन्सचं सर्वांत मोठं ॲपर्चर कोणतं. लेन्स आणि कॅमेरा यांच्यातला हा संवाद लोखंडी होता, आणि म्हणूनच आजही चालू आहे. पन्नास वर्षांनी पिळा, कळतं.

या रांगेतली सर्वांत चमत्कारिक वस्तू म्हणजे डीएस-१. निकॉन एफ-२ हा १९७१चा कॅमेरा पूर्ण यांत्रिक होता. एक्स्पोजर आपोआप ठरवणं त्याच्या रक्तात नव्हतं. तोवर स्वयंचलित एक्स्पोजरचे कॅमेरे येऊ लागले होते. निकॉनने कॅमेरा उघडला नाही. त्यांनी लेन्सच्या भोवती बसणारी एक मोटरची कडी केली आणि ती एफ-२एसच्या मीटरवाल्या प्रिझमला जोडली. मीटर म्हणतो उजेड जास्त आहे. मोटर घर्रऽ करून ॲपर्चरची रिंग फिरवते. मीटरचे दिवे सांगतात आता बरोबर, मोटर थांबते. माणसाच्या डाव्या हाताने जे केलं असतं तेच, फक्त हात नाही. बोजड, हळू आणि महाग. पण दूर कुठे कॅमेरा बांधून ठेवायचा असेल, दिवसभर उजेड बदलत राहणार असेल आणि जवळ कोणी नसेल, तिथे हे यंत्र कामाचं होतं. मला त्यामागचा विचार मोलाचा वाटतो. अडाण्याला शहाणं करण्यासाठी त्याच्या डोक्याची शस्त्रक्रिया करायची नाही, शेजारी सोबती द्यायचा.

कॅननने १९७६च्या एई-१साठी फिल्म ओढणारा वाइंडर काढला, सेकंदाला दोन फोटो, आणि तो स्वस्त असल्याने हौशी लोकांनी भरपूर घेतला. त्याबद्दल एवढं पुरे.

ऑटोफोकसचा किस्सा कमी लोकांना माहीत असतो. १९८० साली रिकोने के-माउंटची एक ५० मिलिमीटरची लेन्स काढली, एएफ रिकेनॉन. लेन्सच्या वर एक डबा, समोर दोन खिडक्या, आत मोटर आणि बॅटरी. दोन खिडक्यांतून दिसणाऱ्या दृश्यांतला फरक मोजून ती अंतर ठरवते आणि स्वतःचं फोकस स्वतः फिरवते. म्हणजे पुन्हा १९२५ची ती नळी, फक्त चकती फिरवायला मोटर. कॅमेऱ्याकडून तिला काहीही नको असतं. पेंटॅक्स के-१०००, म्हणजे १९७६ ते १९९७ जवळपास न बदलता बनत राहिलेला साधासुधा यांत्रिक कॅमेरा, त्याच्यावर ही लेन्स लावली तर त्याला ऑटोफोकस येतो! पुढच्याच वर्षी कॅननने एफडी माउंटसाठी अशीच झूम लेन्स आणली. दिसायला दोन्ही ओबडधोबड. बाजाराने नाकारलं ते बरोबरच होतं, कारण खरा ऑटोफोकस कॅमेऱ्याच्या आत आला तेव्हा तो कितीतरी चपळ निघाला. पण या लेन्सा आजही के-माउंटवर, एफडीवर चालतात.

फ्लॅशचंही तसंच. जुने लग्नाचे फोटोग्राफर फ्लॅशच्या पाठीवरचा तक्ता पाहून काम करत. वधूवर दोन मीटरवर तर एफ/११, मागच्या रांगेतले काका चार मीटरवर तर एफ/५.६. सत्तरच्या दशकात आलेल्या व्हिव्हिटार २८३सारख्या फ्लॅशने तो हिशोब स्वतःकडे घेतला. पुढच्या बाजूला सेन्सर. फ्लॅशचा उजेड समोरून परतून आला, पुरेसा झाला की फ्लॅश हजारांश सेकंदात स्वतःला तोडतो आणि उरलेली वीज पुढच्या फोटोसाठी राखतो. कॅमेरा कितीही अडाणी असो, फक्त ‘आता’ एवढं सांगणारा एक संपर्क पुरतो. एक इशारा इथेच देतो: सुरुवातीच्या काही २८३ फ्लॅशच्या पायातून दोनशे व्होल्टच्या वर येतात. जुन्या यांत्रिक कॅमेऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर तो चढवाल तर कॅमेरा जाऊ शकतो.

उलट बाजूची उदाहरणंही पाहायला हवीत. १९८८च्या मिनोल्टा ७०००-आयला बाजूला कार्ड घालायची फट होती. खेळाच्या फोटोंसाठी एक कार्ड, व्यक्तिचित्रांसाठी दुसरं, धूसर गंमतींसाठी तिसरं. कार्डात होता तो थोडासा प्रोग्रॅम. एका वेळी एकच घालायचं. आज ती कार्डं फक्त त्याच काळच्या मिनोल्टांत चालतात आणि त्या मिनोल्टा बिघडल्या की दुरुस्त करायला जीव मेटाकुटीला येतो. प्रोग्रॅम कॅमेऱ्यात मुळातच का घातला नाही, हे तेव्हाच्या गिऱ्हाइकांनी विचारलं असेलच. कार्ड विकण्यात पैसा होता, हे उत्तर कळायला फार हुशारी लागत नाही.

फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी तारीख उमटवणारी पाठही आठवते ना? आपल्या घरोघरच्या बारशांच्या, सहलींच्या फोटोंवर ती आहे. पाठीच्या आतल्या बाजूने बारीक दिवे फिल्मवर आकडे टिपतात. त्यांतल्या बऱ्याच पाठींचं पंचांग २०१९ला संपलं. कारखान्यातल्या माणसाला वाटलं असणार, तोवर कोण वापरतंय!

पाठीचं सर्वांत मोठं स्वप्न डिजिटलचं होतं. १९९१ साली कोडॅकने निकॉन एफ-३ची पाठ काढून तिथे सेन्सर बसवला आणि डीसीएस नावाने विकला. १३ लाख पिक्सेल, आणि फोटो साठवायला खांद्यावर लटकवायची पेटी, तिच्यात २०० मेगाबाइटची हार्ड डिस्क. कॉम्प्रेस न करता साठवले तर १५६ फोटो. बाहेरचा एफ-३ तोच, १९८०चा. वृत्तछायाचित्रकारांसाठीची ही वस्तू वीस हजार डॉलरच्या आसपास होती.

मग १९९८ साली इमाजेक नावाच्या कंपनीने जाहीर केलं की आम्ही फिल्मच्या डबीच्या आकाराचा डिजिटल तुकडा देऊ. फिल्मऐवजी तो घाला, तुमचा जुना कॅमेरा डिजिटल होईल. पुढे कंपनीचं नाव सिलिकॉन फिल्म झालं. जगभरचे लोक वाट पाहत बसले. अडचणी साध्या पण हट्टी होत्या. सेन्सर फिल्मच्याच पातळीत बसायला हवा, नाहीतर फोकस जातो. आणि फिल्म कागदाइतकी पातळ असते, काच लावलेला सेन्सर नसतो. बॅटरी आणि चिप पंचवीस मिलिमीटर जाडीच्या डबीत मावायला हव्यात. शटर कधी उघडलं हे त्या तुकड्याला कोण सांगणार? २००१मध्ये कंपनीने काम थांबवलं. तोवर खरे डिजिटल कॅमेरे स्वस्त होऊ लागले होते. अलीकडे ‘आय’म बॅक’ या नावाने पुन्हा कोणी हे करू पाहतंय, जुन्या कॅमेऱ्याच्या तळाशी जाड पेटी लावून. मी घेणार नाही. ज्याला डिजिटल हवंय त्याने डिजिटल घ्यावा.

एका ठिकाणी मात्र हे स्वप्न खरं झालं, आणि मी मघाशी मांडलेल्या मताला ते छेद देतं की दुजोरा, हे तुम्हीच ठरवा. हॅसलब्लाडच्या पाठीला फिल्मची पेटी वेगळी लावतात. अर्धा रोल रंगीत काढून मध्येच कृष्णधवल पेटी लावता येते. अपोलो-११च्या अंतराळवीरांनी चंद्रावर वापरलेला हॅसलब्लाड वजन वाचवायला तिथेच सोडला आणि फिल्मच्या पेट्या तेवढ्या परत आणल्या. पाठ सुटी असल्यानेच ते जमलं. स्टुडिओतले लोक याच जागी पोलरॉइडची पाठ लावून उजेडाची चाचणी घेत. आणि आता त्याच जागी कंपनीची स्वतःची डिजिटल पाठ बसते, १९५७पासून बनलेल्या बहुतेक व्ही-मालिकेच्या कॅमेऱ्यांना. पाठ शटरच्या पेटीला विचारते एवढंच: उघडलं का? उत्तर एका यांत्रिक काडीने मिळतं.

तुमच्या घरातही कुठे जुना कॅमेरा असेल तर आधी त्याच्या डोक्याकडे पाहा. नुसती खाच आहे की मध्ये धातूचा ठिपका आहे? ठिपका असेल तर फ्लॅश चालेल, नसेल तर बाजूला वायरचं भोक शोधा. बटणात आटे आहेत का ते पाहा. मीटर घेणार असाल तर उंची मोजून घ्या, काहींच्या फिल्म गुंडाळायच्या बटणावर तो आपटतो. माझ्या झॉर्कीवर जेमतेम बचावला. आणि मीटर असो की फ्लॅश, कॅमेरा कपाटात परत ठेवण्याआधी आतली बॅटरी काढून ठेवा. मामांच्या फ्लॅशमधली कोणी काढली नव्हती. तो फ्लॅश आता हिरव्या पावडरीने भरलेला आहे.